कोऱ्या जागा दोन प्रकारच्या

तलाठ्याकडे उताऱ्यासाठी करायचा अर्ज आपल्या जिल्ह्यात बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला असतो. "मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुक याचा सातबारा उतारा मिळावा, ही विनंती." (तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) या एका वाक्यात कोऱ्या जागा दोन. एक गावाच्या नावाची, दुसरी गट क्रमांकाची. कागदावर दोन्ही सारख्याच लांबीच्या रेघा. भरणाऱ्याला त्यांच्यात काही फरक जाणवत नाही.

पण अर्ज घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. गट क्रमांक बदलला तर तो त्याच दप्तरात चार पाने पुढे किंवा मागे जातो, एवढेच. गावाचे नाव बदलले तर मात्र सगळेच बदलते. दप्तर वेगळे, कदाचित सजा वेगळा, कदाचित तालुकाही वेगळा. "हे गाव माझ्याकडे नाही, तिकडे जा" असे उत्तर मिळू शकते. म्हणजे पहिल्या रेघेवर काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय काम सुरूच होत नाही. दुसऱ्या रेघेवरचा आकडा काम सुरू झाल्यावर लागतो.

हा फरक मला नीट दिसला तो एका अगदी वेगळ्या क्षेत्रातल्या प्रश्नामुळे. संगणकाच्या कामात असलेला माझा एक जुना विद्यार्थी वैतागून सांगत होता, "सर, इतकी साधी गोष्ट, पण यंत्र ऐकत नाही. सभासदाचा नंबर दिला तर घेते, टेबलाचे नाव दिले तर घेत नाही." मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस. पण त्याचे ऐकता ऐकता वाटू लागले की ही गोष्ट नगर जिल्ह्याने फार पूर्वी, आणि फार महागात, शिकलेली आहे. तेच आज मांडतो.

आधी त्याचा प्रश्न, जमेल तितक्या साध्या शब्दांत.

संगणकातली माहिती तक्त्यांमध्ये ठेवतात. त्याला टेबल म्हणतात. आपण वही म्हणू. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून उसाच्या हिशेबाच्या वह्या इथल्या घराघरांत माहीत आहेत. समजा, एखाद्या कारखान्याच्या संगणकात प्रत्येक गळीत हंगामाची वेगळी वही आहे. हंगाम २०२१-२२ ची एक, २०२२-२३ ची एक, पुढे याच चालीने. सभासदाने विचारले, "माझा ऊस किती टन गेला?" तर वही उघडायची, सभासद क्रमांक शोधायचा, वजनांची बेरीज करून सांगायची.

हे काम रोजचे. म्हणून त्याच्या सूचना एकदाच लिहून संगणकात जपून ठेवतात. या जपून ठेवलेल्या सूचनांना स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. सूचना साधारण अशी: "हंगाम २०२२-२३ च्या वहीतून सभासद क्रमांक ___ च्या ओळी काढ, वजनाची बेरीज कर." या रेघेवर दर वेळी नवा क्रमांक भरायचा. भरायच्या या जागेला पॅरामीटर म्हणतात. इथपर्यंत सगळे सुरळीत.

आता कोणालाही सुचेल की दर हंगामाला नवी सूचना कशाला लिहायची? वहीच्या नावाचीही जागा कोरी ठेवू. "___ या वहीतून सभासद क्रमांक ___ च्या ओळी काढ." एक सूचना, सगळे हंगाम. युक्ती अगदी सयुक्तिक वाटते. पण यंत्र ती मानत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये असे लिहिले तर 'या नावाचे टेबल-चल जाहीर केलेले नाही' अशा अर्थाची तक्रार येते. म्हणजे आपण त्याला वहीचे नाव लिहिलेली चिठ्ठी देतो आहोत हे त्याच्या लेखीच नसते. वहीच्या जागी त्याला प्रत्यक्ष वही हवी असते. आपण चिठ्ठी पुढे केली, की तो त्या चिठ्ठीलाच वही समजू पाहतो आणि अडतो.

का बरे असे? याचे उत्तर इतिहासात आहे.

१९७० साली आयबीएम कंपनीत सॅन होजे येथे काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. माहिती सरळ तक्त्यांत मांडावी, आणि माणसाने "काय हवे" एवढेच सांगावे, "कसे शोधायचे" ते यंत्राने ठरवावे, असा त्याचा गाभा. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशी विचारणा करण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. मग 'सिस्टिम आर' नावाच्या प्रयोगात ती प्रत्यक्ष चालवून पाहताना एक मोठा निर्णय झाला. प्रत्येक विचारणा आधी तपासून, तिचा मार्ग आखून ठेवायचा आणि तो आराखडा जपायचा. मग प्रत्यक्ष आकडा आला की आखलेल्या वाटेने फक्त चालत जायचे. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायबेस कंपनीने आणि १९९२ मध्ये ओरॅकलने आपापल्या प्रणालींत स्टोअर्ड प्रोसीजर आणल्या, त्यांच्या मुळाशीही हाच विचार आहे.

आराखडा करताना यंत्र तीन गोष्टी बघते. पहिली, अशी वही आहे का, आणि तिच्यात हे रकाने आहेत का. दुसरी, विचारणाऱ्याला तो अधिकार आहे का. तिसरी, या वहीत जवळची वाट कोणती. अनुक्रमणिका आहे का, की पहिल्या पानापासून चाळावे लागेल. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वहीच्या नावावाचून देताच येत नाहीत. सभासद क्रमांकावाचून मात्र तिन्ही देता येतात. म्हणून क्रमांकाची जागा कोरी चालते, वहीच्या नावाची चालत नाही. तलाठ्याकडच्या अर्जात जो फरक आपण पाहिला तोच हा. यंत्र हट्टी नाही. कशाला मंजुरी देतो आहोत हे मंजुरीपूर्वी माहीत हवे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता जरा मागे जाऊ. दीडशे वर्षे मागे, आपल्याच जिल्ह्यात.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या ठिकाणी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. लोण थोड्याच दिवसांत नगर जिल्ह्यात पोचले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर या तालुक्यांतल्या गावांमध्ये तोच प्रकार झाला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पण नुसते दंगे म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते तसे ते नव्हते. माणसांना मारहाण तुलनेने फार कमी. लोकांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खते, हुकूमनामे. ते मिळाले की फाडायचे किंवा जाळायचे. मिळाले की बहुतेक ठिकाणी गर्दी पांगे.

कागदावर एवढा राग का? कारणे अनेक होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला अफाट भाव आला होता, तेव्हा कर्ज सहज मिळे. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यातच जमीन महसुलाची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. आणखी एक कारण कायद्याचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला ठरावीक वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता. झाले उलटे. मुदत संपत आली की सावकार व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. दर दोन-तीन वर्षांनी नवा कागद, नवा आकडा.

आणि तो कागद लिहायचा कोणी? सावकाराने, किंवा त्याच्या कारकुनाने. शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो खाली आपली निशाणी करी. आपल्याकडे कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. जुन्या कागदांवर नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहिलेले असते, शेजारी नांगराचे छोटेसे चित्र. वर काय लिहिले आहे ते नांगर काढणाऱ्याला ठाऊक नसे. दंग्यांच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे अशा तक्रारी आल्या की खोटे आकडे भरले जातात, फेडीची पावती दिली जात नाही, फेडलेल्या कर्जाचा रोखा परत मिळत नाही. आणि कोर्टात गेले की कोर्ट कागद बघे. निशाणी तुझीच ना? मग विषय संपला.

या व्यवहारातला नेमका दोष कुठे होता? कर्ज घेणे हा दोष नव्हता, व्याजही सर्वस्वी नव्हते. दोष असा की मंजुरी एकाची आणि मजकूर दुसऱ्याचा. नांगर शेतकऱ्याचा, पण नांगराच्या वरचे वाक्य सावकाराने घडवलेले. मजकूर पुरा होऊन, वाचून, समजून मग संमती, हा क्रम मोडला होता.

आता पुन्हा संगणकाकडे येतो, कारण तिथेही नेमका हाच क्रम मोडता येतो.

यंत्राने वहीच्या नावाची कोरी जागा नाकारली, तर लोक एक वाट काढतात. तिला डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात. प्रोसीजरमध्ये तयार विचारणा न ठेवता वाक्याचे तुकडे ठेवायचे. आलेले नाव त्या तुकड्यांमध्ये चिकटवायचे, अक्षराला अक्षर जोडून अख्खे वाक्य तयार करायचे आणि यंत्राला सांगायचे, "हे जे काही तयार झाले आहे ते आता चालव." यंत्र चालवते. काम होते. हंगामाचे नाव द्या, हिशेब घ्या. सगळे खूश.

पण आता लक्षात घ्या काय झाले. निशाणी आधीच होऊन बसली आहे आणि मजकूर नंतर येतो आहे. समजा, कोणी हंगामाच्या नावाच्या जागी नुसते नाव न लिहिता लिहिले, "हंगाम २०२२-२३; आणि त्यानंतर सभासदांची वही नष्ट कर." चिकटवणारा तुकड्यांना तुकडे चिकटवतो. त्याला त्यातले नाव कुठे संपले आणि हुकूम कुठे सुरू झाला ते कळत नाही. तयार झालेले वाक्य यंत्राच्या दृष्टीने व्याकरणशुद्ध असते. ते इमानेइतबारे दोन्ही कामे करते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' नावाच्या ऑनलाइन नियतकालिकात या धोक्याची जाहीर चर्चा झाली. त्यानंतर जगभर कितीतरी ठिकाणी याच वाटेने लोकांची माहिती चोरीला गेली.

दुसरी हानी अधिक शांतपणे होते, म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. नेहमीच्या प्रोसीजरमध्ये एक चांगली सोय असते. कारकुनाला वहीला हात लावायचा अधिकार नसला तरी प्रोसीजर चालवायचा अधिकार देता येतो. तलाठी आपल्याला उतारा देतो, दप्तर आपल्या हातात देत नाही, तसेच हे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसीजर आणि वह्या एकाच मालकाच्या असल्या की ही सोय आपोआप मिळते. पण वाक्य चिकटवून चालवले की ती साखळी तुटते आणि यंत्र मूळ विचारणाऱ्याचा अधिकार तपासते. मग काम अडते. अडले की कोणीतरी घाईत सगळ्या वह्यांचा अधिकार सगळ्या कारकुनांना देऊन टाकतो. तक्रार थांबते. दप्तर मात्र रस्त्यावर आलेले असते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सरकारने १८७५ नंतर काय केले, ते इथे उपयोगी पडेल. १८७९ साली 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' हा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात पुष्कळ तरतुदी आहेत, पण आपल्या विषयाला तीन लागू पडतात.

एक, शेतकऱ्याचे कर्जखत ग्रामनिबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचे, ते वाचून दाखवायचे आणि त्याच्या समोरच निशाणी घ्यायची. तसे नसेल तर तो कागद पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे मजकूर आधी, संमती नंतर. मोडलेला क्रम कायद्याने जुळवला. दोन, पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. तीन, कोर्टाने नुसत्या रोख्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासावा असे ठरले. निशाणी दिसली की विषय संपला, हे बंद झाले.

संगणकवाल्यांनी सांगितलेले उपाय या तिन्हींशी जुळतात. पहिला उपाय असा की बाहेरून आलेले वहीचे नाव तसेच चिकटवायचे नाही. यंत्राकडे स्वतःच्या सगळ्या वह्यांची यादी असते. आलेले नाव आधी त्या यादीशी, त्यातही परवानगी असलेल्या नावांशी ताडून पाहायचे. जुळले नाही तर तिथेच परत. हा झाला ग्रामनिबंधक. शिवाय नाव वाक्यात घालताना त्याला कुंपण घालायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वोटनेम, पोस्टग्रेसमध्ये क्वोट आयडेंट अशी साधने त्यासाठीच आहेत. त्याने कुंपणातला मजकूर नुसते नाव म्हणूनच वाचला जातो, त्यातून हुकूम बाहेर सांडत नाही. पण कुंपण म्हणजे परवानगी नव्हे. कोणी पगाराच्या वहीचे खरेखुरे नाव दिले तर क्वोटनेम त्यालाही नीट कुंपण घालून देईल. म्हणून यादी आणि कुंपण दोन्ही हवे. दुसरा उपाय, सभासद क्रमांकासारखी मूल्ये वाक्यात कधीच चिकटवायची नाहीत. वाक्य चिकटवून तयार केले तरी मूल्याची जागा त्यात कोरीच ठेवून मूल्य वेगळे पाठवता येते. तिसरा, तयार झालेले वाक्य नोंदवून ठेवायचे. पुढे वाद निघाला तर मुळापासून तपासता यावे.

पण कायद्याने सगळे भले झाले असे समजू नका. सावकारांनी पळवाटा काढल्या. गहाणखतावर बंधने आली तेव्हा कित्येकांनी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कर्ज तेच, पण कागद विक्रीचा. कायद्याने एक दार बंद केले की लोक भिंतीला भोक पाडतात, आणि गरज खरी असेल तर पाडणारच. म्हणून नुसत्या बंदोबस्तावर थांबू नये. गरज कुठून निर्माण झाली ते पाहावे.

आपल्या उदाहरणात ती गरज कशी निर्माण झाली? प्रत्येक हंगामाची वही वेगळी केली म्हणून. सगळ्या वह्यांचे रकाने तेच, फरक काय तो नावात. 'हंगाम' ही खरे तर एक माहिती आहे. ती वहीच्या आत, रकान्यात असायला हवी होती. आपण ती वहीच्या कव्हरवर लिहिली. कॉडने १९८५ साली चांगल्या प्रणालीचे जे नियम मांडले, त्यातला पहिला नियम हाच सांगतो की सगळी माहिती तक्त्यातली मूल्ये म्हणून मांडलेली असावी. कव्हरवर लपवलेली माहिती यंत्राला माहिती म्हणून दिसत नाही.

सगळे हंगाम एका वहीत घेतले, आणि 'हंगाम' नावाचा एक रकाना वाढवला, की तो अख्खा प्रश्न विरघळतो. सूचना होते: "ऊस वजनांच्या वहीतून हंगाम ___, सभासद क्रमांक ___ च्या ओळी काढ." दोन्ही कोऱ्या जागा आता दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे गट क्रमांकासारख्या झाल्या. यंत्र दोन्ही आनंदाने घेते. वही फार मोठी झाली तर आतल्या आत तिचे भाग पाडण्याची सोय आजच्या प्रणालींत असते. आणि जुन्या वह्या मोडणे शक्य नसेल, तर त्या सगळ्या एकत्र दाखवणारा एक कायमचा देखावा, म्हणजे व्ह्यू, करून ठेवता येतो.

हेही आपल्या मुलखाने कागदावर आधीच करून पाहिले आहे. इंग्रजी मोजणीपूर्वी गावागणिक हिशेबाची तऱ्हा वेगळी. कुठे बिघा, कुठे चाहूर, कुठे मुंडबंदीसारखी ठोक मोजणी. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत, आणि त्या गावापुरते बोलणारे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्या मोजणीला सुरुवात केली, पुढे ती नगरसह दख्खनभर झाली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले. एकर आणि गुंठे, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर. पुढे गाव नमुने ठरले. एक ते एकवीस. सहाव्यात फेरफार, सातव्यात अधिकार अभिलेख, बाराव्यात पिके. सात आणि बारा मिळून आपला सातबारा. अकोल्याच्या डोंगरातले गाव असो की जामखेडचे, नमुना तोच. गावाचे नाव नमुन्याच्या वरच्या रकान्यात. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आले, तरी नमुन्यांचे काम अडले नाही, कारण ते एका माणसाच्या किंवा एका गावाच्या तऱ्हेवर उभे नव्हते.

नावाला साच्यात न कोंडता रकान्यात ठेवण्याचा फायदा नाव बदलते तेव्हा कळतो. आणि नावे बदलतातच. आपल्याच जिल्ह्याचे पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने शहर वसवले आणि त्याला अहमदनगर नाव पडले. ३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, जिल्ह्याला अहिल्यानगर नाव देण्याची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अधिसूचना निघाली. लोकांच्या तोंडी नुसते 'नगर' होते, ते दोन्ही नावांत तसेच राहिले, हे एक बरे झाले! श्रीरामपूरची गंमत तर आणखी वेगळी. गाव श्रीरामपूर, पण रेल्वेच्या पाटीवर कित्येक दशके 'बेलापूर'. नवखा प्रवासी हमखास गोंधळायचा. म्हणजे एकाच ठिकाणाला दोन खाती दोन नावांनी हाक मारतात, हेही घडते.

अशा वेळी ज्यांनी जिल्ह्याचे नाव वहीच्या नावात घातले असेल, 'अहमदनगर_शेतकरी' अशा तऱ्हेने, त्यांना वहीचे नाव बदलावे लागेल, आणि ते नाव जिथे जिथे लिहिले आहे ती प्रत्येक सूचना हुडकून दुरुस्त करावी लागेल. एखादी राहून गेली की तिथे काम बंद पडणार. ज्यांनी जिल्ह्याला एक क्रमांक दिला आणि नाव एका यादीत, एका ओळीत ठेवले, त्यांना एक ओळ बदलावी लागेल. जनगणनेत प्रत्येक गावाला असा संकेतांक असतो. अलीकडे सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा गावाच्या नावासोबत त्याचा संकेतांकही छापायला सुरुवात झाली. नाव माणसांसाठी, क्रमांक दप्तरासाठी. नावावर वाद होऊ शकतो, त्यात अभिमान असतो, दुखावणे असते. म्हणूनच जमिनीची मालकी किंवा उसाचे वजन त्या नावाच्या भरवशावर टांगून ठेवू नये.

प्रत्येक वेळी वाक्य चिकटवणे पापच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. रात्री सगळ्या वह्यांच्या प्रती काढायच्या, जुन्या वह्यांची झाडलोट करायची, अशा कामांत वही हाच कामाचा विषय असतो. तिथे नाव बाहेरून द्यावेच लागते. फक्त ते नाव कोण देतो, कोणत्या यादीतून देतो, आणि चालवण्याआधी ते कोणी पाहिले, हे तीन प्रश्न विचारून मगच द्यावे. विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो की बाबा, तुझे यंत्र तुला अडवते आहे, ते ग्रामनिबंधकाचे काम करते आहे असे समज, आणि आधी बघ की तुला इतक्या वह्या हव्यातच का.

कागद असो की संगणक, दप्तरात ज्याचे नाव असते तो माणूस बहुतेक वेळा दप्तरापासून लांब असतो. उसाचे वजन ज्याचे, तो शेतात असतो. सातबारा ज्याचा, त्याला नमुन्यांचे आकडे पाठ नसतात. आपल्या नावावर काय लिहिले जाईल हे ठरवणाऱ्या सूचना तो कधी वाचत नाही. १८७५ च्या शेतकऱ्याला रोख्यातला मजकूर दिसत नव्हता, आजच्याला प्रोसीजरमधला दिसत नाही. सूचना लिहिणाऱ्याने कोरी जागा सोडताना ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे, एवढी काळजी त्या न दिसणाऱ्या माणसासाठी घ्यावी लागते. पारनेर-श्रीगोंद्याच्या लोकांनी जे कागद जाळले, त्यांतून शिकण्यासारखे आज उरले आहे ते मला तरी हेच वाटते.